डूलीचं वळण

आमची बोट बोये सांभाळायची. बार्जांच्या तांड्यांना मिसिसिपीत वाट दाखवणारे ते लाल-काळे पिंप जागेवर आहेत का ते बघायचं, वाहून गेले असतील तर ओढून आणायचे, पाण्याची खोली मोजायची आणि वायरलेसवरून खालच्या लॉकवर, म्हणजे बोटी चढवायच्या-उतरवायच्या पाणदरवाजावर, कळवायची. सुकाणू हाल्वर ब्रेकेच्या हातात, दोरखंड आणि साखळ्या माझ्या. हाल्वर म्हणजे नॉर्वेहून आलेल्या आजोबांचा नातू, दाराएवढा रुंद, आणि बोलणं असं की बोलायला कर लागतो की काय! त्याच्याबरोबर काम करायला मला आवडायचं. माझी बडबड ऐकायला नदीवर एक माणूस तरी होता.

गावाच्या वरच्या अंगाला, शिंपल्यांपासून बटणं करायच्या बंद कारखान्यापलीकडे नदी एकदम मुरडते. तिथली खोली सांगायची वेळ आली की हाल्वरचा आवाज उतरायचा.

"वरचं वळण, अकरा फूट."

"कुठलं वळण?" लॉकवरचा मरे मुद्दाम विचारायचा. "नीट ऐकू नाही आलं. नाव सांग की, हाल्वर."

हाल्वर माझ्याकडे पाठ करायचा. "डूलीचं."

"हां, डूलीचं वळण! अकरा फूट. असं सांगावं माणसानं."

एमेट डूली हा हाल्वरच्या बायकोचा, विनीचा, पहिला नवरा. पासष्टच्या पुरात गेला. त्या वसंतात नदी आमच्या ब्रँटली गावात शिरली ती थेट खालच्या आळीतून, आणि डूली आपली चपटी बोट घेऊन लोकांना काढायला निघाला. वळणावरच्या क्लॉसांच्या घरातून त्याने व्हर्ना क्लॉस आणि तिच्या अंथरुणाला खिळलेल्या आईला बाहेर काढलं, रेल्वेच्या बांधावर सोडलं, आणि पुन्हा पाण्यात वळला तो परत आलाच नाही. वाहत आलेल्या ओंडक्याने बोट उलटली. पूर ओसरल्यावर आळीच्या वरच्या टोकाची घरं पुन्हा कुणी बांधली नाहीत. आता तिथे नुसती कॉटनवूडची झाडं आहेत. घरं गेली, आळीचं नाव गेलं, राहिलं ते डूलीचं. गावाने ठरवून दिलेलं नव्हतं ते. आपोआप तोंडात बसलं.

चार वर्षांनी विनीने हाल्वरशी लग्न केलं. आळीच्या मधोमध असलेलं विनीचं घर पुरातून वाचलं होतं, तेव्हा हाल्वरच आपली पेटी घेऊन तिच्याकडे राहायला गेला. डूलीने बसवलेल्या खिडक्या, डूलीने लावलेली सफरचंदाची झाडं, डूलीचा म्हातारा कुत्रा जो हाल्वरने हाक मारली की आधी दाराकडे बघायचा. हे सगळं त्याने गिळलं. घराला रंग देता येतो, झाड तोडता येतं, कुत्रा मरतो. वळणाचं काय करणार? रोज सकाळी सरकारी पगारावर, स्वतःच्या तोंडाने, बायकोच्या आधीच्या नवऱ्याचं नाव घ्यायचं. आणि दुकानात, न्हाव्याकडे, चर्चच्या पायरीवर लोक विनीला अजून "डूलीची विनी"च म्हणायचे. हाल्वर शेजारी उभा असला तरी.

"तुला राग नाही येत?" मी एकदा विचारलं.

"मेलेल्या माणसाचा राग कसा करणार?" तो म्हणाला, आणि साखळीचा हूक इतक्या जोरात आपटला की डेकचा रंग उडाला.

पंच्याहत्तर साल आलं. पुढच्या वर्षी देशाच्या स्वातंत्र्याला दोनशे वर्षं होणार म्हणून गावोगाव इतिहास उकरायचं वेड लागलं होतं. नदीपलीकडच्या लोकांनी पितळी पाट्या लावल्या, मग आम्ही मागे राहतो की काय? समिती झाली. गावाचा मोठा नकाशा रंगवून धान्याच्या दुकानाच्या भिंतीवर लावायचा ठरला. सरकारच्या नकाशा खात्याचा माणूसही यायचा होता, टेकड्या, ओढे, नदीची वळणं यांची गावात चालणारी नावं पक्की करून न्यायला. समितीची प्रमुख व्हर्ना क्लॉस. पोस्टात काम करायची, लग्न केलेलं नव्हतं, आईचं करता करता चाळिशी गाठली होती. तिने पहिल्याच बैठकीत मांडलं की वळणाला कायमचं डूलीचं नाव द्यावं आणि काठावर पाटी उभारावी.

हाल्वरला हे न्हाव्याकडे कळलं. अर्धी दाढी साबणात तशीच ठेवून तो उठला आणि समितीत नाव देऊन आला.

गाव हसलं. गावाचा इतिहास म्हणून हाल्वरला कुठल्या डोहात कुठला मासा लागतो एवढंच माहीत होतं. पण आता त्याला भूतच लागलं. डूलीच्या आधी त्या वळणाला काहीतरी नाव असणारच, असं त्याने मनाशी घेतलं, आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या मागे लागला. सुट्टीच्या दिवशी मलाही बरोबर न्यायचा, कारण प्रश्न विचारणं त्याच्या जिवावर यायचं. कुणी म्हणालं बटणवाल्यांचं वळण, तिथे शिंपल्यांचे ढीग पडायचे म्हणून. कुणी म्हणालं नावच नव्हतं. शेवटी आम्ही आल्मा थीसन आजींकडे गेलो. नव्वदी ओलांडलेली बाई. तिचे वडील लाकडांचे तराफे नदीतून खाली न्यायचे, तेव्हा गावात चार लाकडाच्या गिरण्या होत्या.

"आजी, त्या वरच्या वळणाला तुमचे वडील काय म्हणायचे?"

"कुठल्या? डूलीच्या?"

हाल्वरने टोपी हातात पिळली. "हो, त्याच."

"कासवपाठ." आजी हसल्या. "उन्हाळ्यात पाणी उतरलं की वाळूचा दांडा वर यायचा, कासवाच्या पाठीसारखा. तराफा त्यावर बसला की दोन दोन दिवस हलायचा नाही. बाबांकडे त्या जागेसाठी दोन नावं होती. एक कासवपाठ. दुसरं मी सांगणार नाही, मी चर्चला जाणारी बाई आहे."

हाल्वर चक्क हसला. मी त्याला असं हसताना फार वेळा पाहिलं नव्हतं.

"पण तुला रे कशाला हवंय हे?" आजींनी विचारलं.

"इतिहास म्हणून."

"तुझ्या आईला ओळखत होते मी," आजी म्हणाल्या. "तिलाही खोटं बोलता यायचं नाही. अशीच लाल व्हायची."

शरदात बैठक झाली, चर्चच्या तळघरात. बाया डबे घेऊन आल्या होत्या, कॉफीच्या मोठ्या भांड्याला वाफ सुटलेली, नकाशा खात्याचा पोरगेला माणूस एका कोपऱ्यात केक खात बसलेला. व्हर्ना उभी राहिली. बोलली थोडंच, पण नीट. म्हणाली, ज्या जागी माणसाने दुसऱ्यांसाठी जीव दिला त्या जागेचं नाव दुसरं काय असणार? बऱ्याच लोकांचे डोळे ओलावले.

मग हाल्वर उठला. तराफे, वाळूचा दांडा, आल्मा आजींचे वडील, सगळं त्याने धडा म्हणावा तसं म्हणून दाखवलं. "गावाच्या इतिहासाला हे धरून आहे," असं म्हणून खाली बसणार तेवढ्यात मरे मागून ओरडला, "हाल्वर, कासव तुझ्या कोण लागतं रे?"

तळघर हशाने दणाणलं.

"सरळ सांग ना बाबा, पोटात कुठे दुखतंय ते," मरेने आणखी रेटलं. "मेलेल्याशी कसली चढाओढ? तो काही आता जेवायला घरी यायचा नाही!"

या वेळी कुणी हसलं नाही. हाल्वर उभाच होता, मानेपर्यंत लाल. आणि त्याच्या शेजारची खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला.

"माझं मत कासवपाठला," विनी म्हणाली.

"विनी, अगं तू?" व्हर्नाच्या तोंडून निघून गेलं.

"मीच. तो माझा नवरा होता. त्याचं नाव दफनभूमीत दगडावर आहे, तेवढं पुरे आहे." एवढं बोलून ती बसली आणि पर्स मांडीवर घट्ट धरून समोर बघत राहिली.

विधवेलाच नको म्हटल्यावर कोण काय बोलणार? हात वर झाले, कासवपाठ पास झालं. नकाशावाल्याने बोटांवरचे केकचे चुरे झटकले आणि लिहून घेतलं. व्हर्नाने कागद गोळा केले. तिचा चेहरा भिंतीसारखा पांढरा झाला होता.

दुसऱ्या दिवशी हाल्वर बोटीवर शीळ घालत येईल असं मला वाटलं होतं. तो आला ते तोंड पाडून. वायरलेसवर "कासवपाठ, दहा फूट," म्हणाला, मरेने मुकाट्याने ऐकून घेतलं, तरी याचं तोंड तसंच. जेवणाच्या सुट्टीत मी खोदून विचारलं तेव्हा हळूहळू बाहेर आलं.

बैठकीहून घरी आल्यावर त्याने विनीला जवळ घेतलं होतं. "माझ्यासाठी उभी राहिलीस," म्हणाला.

"तुझ्यासाठी?" विनीने त्याचे हात बाजूला केले. "तुझ्यासाठी कशाला? त्या बाईने त्याच्या नावाची पाटी लावायची? तिने? पाणी आपल्या जिन्याला लागलं होतं, हाल्वर. मी वरच्या मजल्यावर खिडकीत बसून त्याच्या बोटीची वाट बघत होते. आणि तो गेला कुणाकडे? व्हर्नाकडे. मी बुडत असताना आधी व्हर्नाकडे! आणि त्यांना सोडल्यावर परत कशाला फिरला माहितीये? तिची पेटी आणायला. सगळं गाव म्हणत होतं. दहा वर्षं मला ऐकायला लागतंय, डूलीचं वळण, डूलीचं वळण. मला त्यात तिचंच दार दिसतं."

हाल्वरने मला हे सांगितलं आणि हातातला पाव नदीत टाकून दिला.

"ग्रेडी, जी बाई एखाद्या माणसावरून दहा वर्षं अशी जळते, तिने त्याला सोडलेलं असतं का रे?"

"मला काय विचारतोस?" मी म्हटलं. "माझी बायको माझ्यावरून कधी जळलीच नाही."

पण तो हसला नाही. इतके दिवस त्याला वाटत होतं की गाव डूलीला धरून बसलंय. आता कळलं डूली कुठे राहतो ते. स्वयंपाकघरात, बायकोच्या छातीत, आणि तोही तिचं देणं चुकवायचं राहिल्यासारखा रोज दारात उभा. हाल्वर वाळत गेला. विनीने खिडकीतून बाहेर बघितलं तरी हा बघायचा की ती वळणाच्या दिशेला बघते का. तिने उसासा टाकला की विचारायचा, "काय झालं?" आणि ती "काही नाही" म्हणाली की दिवसभर धुमसायचा. मला म्हणाला, नाव होतं तेच बरं होतं, नाव निदान बाहेर होतं.

नदी गोठली. बोट काठावर चढवली, आणि आम्ही शेडमध्ये बोये खरवडून रंगवायला बसलो. एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत हाल्वर न सांगता कुठेतरी गेला आणि परत आला तो ब्रश न उचलता उलट्या बादलीवर बसून राहिला.

"व्हर्नाकडे गेलो होतो," म्हणाला.

पोस्टात दुसरं कुणी नव्हतं. व्हर्नाने त्याला बघून विचारलं, "काय, तिकिटं हवीत?"

"एमेट आधी तुमच्याकडे का आला?" हाल्वरने सरळ विचारलं.

व्हर्नाने हातातलं पाकीट खाली ठेवलं. "दहा वर्षांत हे मला विचारायला तू पहिला आलास. बाकीच्यांनी आपसातच ठरवून टाकलं."

"मग सांग."

"तू नदीवरचा माणूस, तुला कळायला हवं होतं. त्याची बोट कुठे बांधलेली होती? धान्याच्या कोठाराशी, गावाच्या खालच्या टोकाला. तिथून सरळ विनीच्या घराकडे गेला असता तर?"

हाल्वरला तिथेच उभ्या उभ्या कळलं. मलाही शेडमध्ये ऐकताना कळलं, आणि इतकी वर्षं कसं सुचलं नाही याची लाज वाटली. पासष्टच्या पुरात मुख्य धार खालच्या आळीतून, रस्त्यावरूनच धावत होती, ओंडके आणि कोंबड्यांची खुराडी घेऊन. तिच्या तोंडावर चपटी बोट चढवणं कुणाच्या बापाला जमलं नसतं. गावामागच्या कड्याखाली, रेल्वेच्या बांधालगत पाणी निवांत होतं. तिथून वर जायचं, पार वळणापर्यंत, आणि मग धारेत शिरून वरून खाली विनीच्या खिडकीला लागायचं. दुसरी वाटच नव्हती. आणि त्या वाटेवर क्लॉसांचं घर आधी येतं.

"आईला मी कशीबशी माळ्यावर ओढून नेलं होतं, ती ओरडत होती," व्हर्ना म्हणाली. "तो आम्हाला टाकून पुढे कसा जाणार? बांधावर उतरवताना म्हणाला, आता खाली विनीला घेतो. मी त्याला वळताना पाहिलं, हाल्वर. आमच्या घराकडे नाही वळला तो. खाली वळला. पेटीबिटी काही नव्हती."

"विनीला का नाही सांगितलंस?"

"गेले होते. अंत्यविधीच्या दुसऱ्या दिवशी. तिने तोंडावर दार लावलं." व्हर्नाने काउंटरवरचे शिक्के सरळ केले. मग म्हणाली, "आणि तुला विचारायचं असेल तर सांगते, माझ्या मनात होतं. त्याच्या नव्हतं. तो माझ्या अंगणात येऊनही विनीच्याच गोष्टी करायचा. ऐकताना मला कसं व्हायचं, ते तुला सांगायला नको. झालं समाधान?"

हे सगळं सांगून हाल्वर म्हणाला, "आता काय करू?"

"काही करू नकोस," मी म्हटलं. खरंच सांगतो, मला तेच योग्य वाटलं. "तिला सांगितलंस तर तो धुतल्या तांदळासारखा होऊन घरात परत येणार. आत्ता निदान तिला त्याचा राग तरी आहे."

"तेच तर," हाल्वर म्हणाला. "तेच मलाही वाटतं."

तो गप्प राहिला. ख्रिसमस झाला, नवं वर्ष झालं, दोनशे वर्षांच्या पताका लागल्या. याच्या पोटात ते तसंच. मग जानेवारीत व्हर्नाची आई गेली.

अंत्यविधीच्या सकाळी विनी बटाट्याच्या नॉर्वेजियन पोळ्या लाटत होती. हाल्वरच्या आईकडून शिकली होती. अंत्यविधीनंतरच्या जेवणाला शेजारणी काही ना काही करून पाठवतात. पण हाल्वरने कोट हातात घेतला तेव्हा, अंगावर काळा पोशाख असूनही, म्हणाली, "तू ने हे. मी येत नाही. तिच्या दारात पाय ठेवणार नाही मी." लाटणं इतकं दाबत होती की पोळी पोळपाटाला चिकटली. "म्हातारीचं वाईट वाटतं मला. ती बिचारी काय करणार? तिच्यासाठी तरी रडले असते. पण त्या दिवशी ती नसती ना, हाल्वर, तर..." आणि पुढचं तिला बोलवेना. आपण मेलेल्या म्हातारीवरही जळतोय हे तिचं तिलाच ऐकू आलं असावं.

हाल्वर म्हणतो की तिच्या चेहऱ्यावर त्याला स्वतःचं तोंड दिसलं, आणि ते फार कुरूप होतं.

त्याने कोट खुर्चीवर टाकला. पोळपाटावरच्या पिठात बोटाने रेघ ओढली. "ही नदी. हे वळण. इथे कोठार, एमेटची बोट. हे आपलं घर. आता धार कुठून येत होती, दाखव मला."

"काय चाललंय तुझं?"

"दाखव. तू खिडकीतून बघत होतीस."

विनीने नाखुशीने बोट ठेवलं. आळीतून, सरळ खाली. मग तिचं बोट कोठारावर गेलं, तिथून घराकडे निघालं आणि मध्येच थांबलं. नदीकाठी जन्मलेली बाई. तिला समजावून सांगावं लागलं नाही. बोट मागे फिरलं, बांधाच्या कडेने हळूहळू वर गेलं, क्लॉसांच्या घरापाशी थबकलं, आणि धारेत वळून खाली आलं.

"तो माझ्याकडे येत होता," ती म्हणाली.

"हो. व्हर्नाने त्याला खाली वळताना पाहिलं. पेटी वगैरे काही नव्हतं. मला ऐकून महिना होऊन गेला, विनी. सांगवलं नाही."

विनी खाली फरशीवर बसली आणि रडायला लागली. मोठ्याने, लहान मुलासारखी, एमेटचं नाव घेऊन. हाल्वर पिठाने माखलेले हात घेऊन उभा. मला म्हणाला, "ग्रेडी, जन्मात मी कुणावर इतका जळलो नाही जितका त्या क्षणी त्या मेलेल्या माणसावर जळलो." मग तोही खाली बसला. तिने त्याचा खांदा धरला. तिचा सगळा काळा पोशाख पिठाने पांढरा झाला, आणि ती तशीच, दुसरा न घालता, अंत्यविधीला गेली. चर्चच्या दारात तिने व्हर्नाला मिठी मारली तेव्हा दोघींमध्ये काय बोलणं झालं ते कुणाला ऐकू आलं नाही.

उन्हाळ्यात भिंतीवरचा नकाशा झाला. त्यात वळणावर सुबक अक्षरांत कासवपाठ लिहिलंय, शेजारी एक छोटं कासवही काढलंय. त्याखाली उभं राहून लोक एकमेकांना सांगतात, ते बघ, डूलीचं वळण. विनीही तसंच म्हणते आता, सहज.

व्हर्ना रविवारी त्यांच्याकडे जेवायला येऊ लागली. त्यातल्या एका रविवारी मीही होतो. जेवणं झाली आणि दोघी बायांना एमेट आठवला. तो चर्चमध्ये कसा बेसूर गायचा, जन्म नदीवर काढून त्याला धड पोहता कसं येत नव्हतं, एकदा माशाऐवजी स्वतःचाच बूट कसा गळाला लावून घेतला. दोघी हसत होत्या, डोळे पुसत होत्या, पुन्हा हसत होत्या. हाल्वर उठून आत गेला. थोड्या वेळाने स्वयंपाकघरातून भांड्यांचा खणखणाट सुरू झाला.

"हाल्वर, फोडशील ती!" विनीने हाक मारली. "ये ना, बस इथे."

"मी काय करू तिथे? चालू दे तुमचं."

"जळतोयस का रे?"

आतला खणखणाट थांबला. "हो," हाल्वर म्हणाला.

व्हर्नाने मान खाली घातली. विनी मात्र हसली, आणि तिच्या तोंडावर मी तोवर न पाहिलेलं काहीतरी आलं. "बरं, जळ," ती म्हणाली. "पण जळता जळता कॉफी तरी ठेव. आणि तो बुटाचा किस्सा अजून अर्धाच झालाय. येईपर्यंत थांबते मी."

तो कॉफी घेऊन आला. चेहरा फुगलेलाच होता. चौघांना ओतली, विनीला जास्त साखर घातली, आणि म्हणाला, "सांग."